नेटवरून आयरिश चाल उचलताना

मी टिन व्हिसल, म्हणजे धातूची छोटी बासरी, वाजवते. माझ्या बहुतेक चाली इंटरनेटवर अनोळखी लोकांनी ठेवलेल्या रेकॉर्डिंगमधून आल्या. पहिली जिग (नाचाच्या तालातली एक चाल) मात्र कागदावरून बसवली आणि आयर्लंडमध्ये क्लेअर परगण्यातल्या एनिस गावी पबमधल्या सेशनला, म्हणजे सगळे मिळून वाजवतात त्या बैठकीला, जाऊन बसले. दुसरा भाग सुरू झाला आणि सगळे एकीकडे, मी भलतीकडे. सूर चुकले नव्हते. एका माणसाने लिहून ठेवलेली एकच प्रत मी पाठ केली होती. तेव्हापासून मी असं करते.

चाल नावावरून शोधू नका. एकाच चालीला तीन-चार नावं असतात, एका नावाच्या दोन चाली असतात, आणि कित्येक चालींपुढे नुसतं ‘गन ॲनिम’ लिहिलेलं असतं, म्हणजे आयरिशमध्ये ‘बिननावाची’. चालींच्या साइटवर पहिल्या दोन मात्राखंडांचे सूर लिहून शोधा.

सापडली की नोटेशन उघडण्याआधी निदान तीन जणांचं वाजवणं ऐका. त्यात एखादं जुनं हवंच. डब्लिनच्या आयरिश ट्रॅडिशनल म्युझिक अर्काइव्हने (स्थापना 1987) बरंच ध्वनिमुद्रण सर्वांसाठी खुलं ठेवलं आहे. स्लायगोचे फिडलवादक (फिडल म्हणजे व्हायोलिन) मायकल कोलमन यांनी 1920 च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये केलेल्या रेकॉर्डही ऐका. जुन्या तबकड्यांचा वेग नेमका नसतो, त्यामुळे सूर चढा-उतरा लागतो. तुमची व्हिसल जुळली नाही तर तिला दोष देऊ नका, ॲपमध्ये रेकॉर्डिंगचा सूर सरकवा.

आधी गुणगुणा. साधारणपणे आठ खंडांचा एक भाग, तो दोनदा; मग दुसरा, तोही दोनदा. वेग पाऊणपट करा, त्याखाली शक्यतो नको, कारण जिगचा झोकाच मोडतो. रोल, म्हणजे एका सुराभोवतीची सजावट, आला की थांबा. कागदावर तिथे तीन मात्रांचा एकच लांब सूर दिसतो. कान देऊन ऐका: मूळ सूर, वरच्या बोटाची निसटती उचल, पुन्हा मूळ सूर, खालच्या बोटाची टिचकी, परत मूळ सूर. हे मला कुठल्याच प्रतीतून कळलं नसतं.

आता एबीसी नोटेशन उघडा. क्रिस वॉलशॉ यांची ही पद्धत म्हणजे साधी इंग्रजी अक्षरं: मोठी अक्षरं खालच्या सप्तकाची, छोटी वरच्या. ई-मेलमध्येसुद्धा चाल पाठवता येते. शिकागोचे पोलीस प्रमुख फ्रान्सिस ओनील यांनी 1903 साली 1850 चालींचा संग्रह छापला, तेव्हा त्यांना स्वतःला स्वरलेखन येत नव्हतं. त्यांचे सहकारी जेम्स ओनील ऐकून लिहीत. आजही एक जण वाजवून टाकतो, दुसरा उतरवतो. लिहिणाऱ्याच्या कानाची खूण त्यात राहतेच, म्हणून प्रत रेकॉर्डिंगशी ताडून पाहा.

तुम्ही चाल टाकाल तेव्हा एबीसीतल्या ‘एस’च्या ओळीत ती कुणाकडून, कुठे मिळाली ते न चुकता लिहा. ही ओळ रिकामी पाहिली की मला फार वाईट वाटतं. सेशनमध्ये विचारल्याशिवाय रेकॉर्ड करू नका. कुणी म्हणालं, ‘आमच्याकडे असं वाजवत नाहीत’, तर आधीचं पुसू नका. त्यांची तऱ्हा खाली जोडा.

त्या पहिल्या जिगचा दुसरा भाग माझ्या वहीत आता तीन तऱ्हांनी आहे. सेशनला तो पहिल्यांदा येतो तेव्हा व्हिसल मांडीवर ठेवून शेजारच्या फिडलकडे कान देते आणि परत येतो तेव्हा तिच्याबरोबर वाजवते.