रोज फिरतात, तरी पायात जोर नाही? मधुमेही ज्येष्ठांनो, या चुका टाळा

सकाळचा फेरफटका चुकत नाही, साखरही बरी आहे, पण कमोडवरून उठताना भिंत धरावी लागते. घरचे म्हणतात, वय झालं. नेमकं इथेच दुर्लक्ष होतं. मधुमेहात स्नायू लवकर झडतात आणि नुसत्या चालण्याने ते भरून निघत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या सूचनांत 65 वर्षांवरच्यांसाठी चालण्यासारख्या हालचालीबरोबरच आठवड्यातून किमान 2 दिवस स्नायूंचा आणि 3 दिवस तोलाचा व्यायाम सांगितला आहे. आपल्याकडे पार्कात फेऱ्या मोजल्या जातात, हा भाग कुणी विचारतही नाही.

सुरुवात खुर्चीपासून करा. बिनचाकाची खुर्ची भिंतीला टेकवा, हात छातीवर घ्या, उठा आणि सावकाश बसा. धप्पकन बसलात तर अर्धा व्यायाम वाया गेला. हात न टेकता उठताच येत नसेल, तर आधी खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. पाच वेळा भरभर उठबस करायला 15 सेकंदांहून जास्त लागत असतील, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना जरूर सांगा. श्वास रोखून जोर लावू नका; डोळ्यांच्या पडद्याचा त्रास असेल तर आधी विचारून घ्या.

सगळ्यात धोक्याची चूक म्हणजे इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना उपाशीपोटी लांब फिरायला जाणं. निघण्यापूर्वी साखर 90 च्या खाली असेल तर आधी थोडं खा. वाटेत हातपाय थरथरले, घाम फुटला, बोलणं अडखळलं की तिथेच बसा. साखर 70 च्या खाली गेली असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून घ्या आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. शुगर-फ्री गोळीचा इथे काडीचाही उपयोग नाही. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर चालू असेल, तर छातीतली धडधड जाणवेलच असं नाही. घामावर लक्ष ठेवा. व्यायामानंतर काही तासांनी, अगदी रात्रीही साखर उतरू शकते.

एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, साडेसहाच्या आत आणायचाच, हा मुलांचा हट्टही अंगलट येतो. शरीर खंगलेल्या ज्येष्ठांसाठी डॉक्टर बहुधा आठपर्यंतची मोकळीक देतात, कारण साखर उतरून पडलं तर खुब्याचं हाड मोडतं.

ताटाचं म्हणाल, तर भात-पोळी कमी केली आणि वरण मात्र पाण्यासारखंच राहिलं, तर स्नायूंना मिळणार काय? वजनाच्या दर किलोमागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं हवीत. मूत्रपिंडाचा त्रास असल्यास प्रमाण डॉक्टरच ठरवतील.

आणि हिरवळीवर अनवाणी चालणं सोडा. मधुमेहाने बधिर झालेल्या पायाला काटा कळत नाही. एमसीआर (मऊ रबरी तळाची) चप्पल वापरा, बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा आहे का बघा, आणि रात्री तळवे आरशात पाहा. जखम दिसली तर फिरणं थांबवून डॉक्टरांना दाखवा. खुर्चीवर बसून हाताचे व्यायाम मात्र चालू ठेवता येतात.