बर्फाखाली रोबोट चालवताना

मोकळ्या समुद्रात पाण्याखालचा रोबोट बंद पडला, तर तो बहुधा आपोआप वर तरंगत येतो. ध्रुवीय समुद्रात मात्र तो बर्फाच्या खालच्या बाजूला जाऊन टेकतो आणि परतीची वाट म्हणजे आपणच पाडलेले एक छिद्र असते. त्यामुळे जॉयस्टिक धरणाऱ्याइतकाच रोबोटला जोडलेली केबल सोडणारा माणूसही तयारीचा असावा.

रोबोट आपोआप बुडू किंवा वर येऊ नये यासाठी करायची वजनाची जुळणी छिद्राच्या तोंडाशी करू नये. उन्हाळ्यात तेथे वितळलेल्या बर्फाचे गोडे पाणी साचते आणि खाऱ्या पाण्यात समतोल असलेला 100 लिटर आकारमानाचा रोबोट त्या थरात अडीच किलोहून अधिक जड ठरतो. ज्या खोलीवर काम करायचे, तेथेच जुळणी करावी.

पाण्याखाली जीपीएस चालत नाही आणि चुंबकीय ध्रुवाजवळ होकायंत्रही भरवशाचे राहत नाही. शिवाय बर्फ वाहत असेल तर छिद्रही त्याच्याबरोबर सरकते, म्हणून ध्वनिलहरींनी वेग मोजणारा डॉप्लर सोनार वरच्या दिशेने बसवून सर्व नोंदी बर्फाच्या संदर्भानेच ठेवाव्यात. छिद्रातून ध्वनिसंकेत देणारे यंत्र आणि एक प्रखर दिवा खाली सोडावा. शेवटच्या काही मीटरांत दिवाच अधिक कामी येतो.

केबलवर दर 10 मीटरला खूण असावी आणि ती सोडताना आकडा मोठ्याने उच्चारावा. रोबोटने घेतलेल्या गिरक्या मोजून तितक्याच उलट दिशेने घ्याव्यात, नाहीतर केबलला पीळ बसतो. मागच्या कॅमेऱ्यात ती बर्फाच्या खाली उतरलेल्या सुळक्याला वळसा घालून ताणलेली दिसली, तर वरून मुळीच ओढू नये. रोबोट केबलच्या कडेकडेने मागे न्यावा आणि सुटलेला ढिलेपणा हळूहळू गोळा करावा.

जानेवारी 2020 मध्ये अंटार्क्टिकातील थ्वेट्स हिमनदीखाली आइसफिन नावाचा रोबोट उतरवला, तेव्हा गरम पाण्याने पाडलेले छिद्र सुमारे 600 मीटर खोल होते. इतक्या खोल, अरुंद नळीत चुकीला वाव नसतो.

चालक दुसऱ्या खंडात बसणार असेल, तर भूस्थिर उपग्रहामार्गे आज्ञा जाऊन चित्र परत येईपर्यंत केवळ अंतरामुळेच जवळजवळ अर्धा सेकंद जातो. अशा वेळी हाताने वळवत बसण्यापेक्षा दिशा व खोली ठरवून द्यावी आणि ती राखण्याचे काम यंत्रावर सोपवावे. थांबवण्याचा अधिकार मात्र छिद्रापाशी उभ्या असलेल्या माणसाकडेच राहावा.

छिद्रावर गरम तंबू हवाच. समुद्राचे पाणी उणे 1.8 अंशाच्या आसपास असते, पण वरची हवा त्याहून कितीतरी थंड असल्याने बाहेर येताच थ्रस्टरमधले, म्हणजे रोबोटला ढकलणाऱ्या पंख्यांमधले, पाणी गोठते. तो बर्फ पूर्ण वितळेपर्यंत पंखे फिरवून पाहू नयेत.