चौपाटीची संध्याकाळ इंकस्केपमध्ये: ग्रेडियंट भरायचा कसा

आमच्या सोसायटीच्या गणपतीचा बॅनर दरवर्षी माझ्याच गळ्यात पडतो, आणि यंदा सगळ्यांना मागे गिरगाव चौपाटीची विसर्जनाची संध्याकाळ हवी होती. म्हणजे आकाश, सूर्य, समुद्र, सगळा ग्रेडियंटचाच खेळ, एका रंगातून दुसऱ्यात हळूहळू विरघळत जाणारा भराव. इंकस्केप हे चित्र काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे म्हणून मी त्यात करतो, पण कोरल किंवा इलस्ट्रेटर वापरत असाल तरी ग्रेडियंटचं टूल कीबोर्डवर जी (G) दाबूनच येतं, बटणं थोडी इकडेतिकडे असतील एवढंच.

आधी आकाशाचा आयत काढा, तो सिलेक्ट असताना जी दाबा आणि खालून वर माउस ओढा, ओढताना कंट्रोल धरला की रेघ सरळ राहते. पहिल्यांदा बघून दचकू नका, इंकस्केप एका टोकाला तुमचा रंग ठेवतो आणि दुसरं टोक त्याच रंगाचं पण पारदर्शक करतो, म्हणून अर्धा आयत गायब झाल्यासारखा दिसतो. वरच्या टोकावर क्लिक करा, फिल अँड स्ट्रोक उघडा (कंट्रोल शिफ्ट एफ), निळा रंग द्या आणि अल्फा, म्हणजे अपारदर्शकता, पूर्ण करा. खालच्या टोकाला नारिंगी. उलटं झालं तर शिफ्ट आर, टोकं अदलाबदल होतात.

आता खरी गंमत. लाल, हिरवा, निळा या क्रमाने आकडे धरून नारिंगी २५५, १४०, ० आणि निळा ०, ६०, १६० घेतलात तर मध्ये साधारण १२८, १००, ८० येतो, म्हणजे चक्क चिखल. सॉफ्टवेअर बिचारं फक्त आकड्यांची सरासरी काढतंय, त्याला काय माहीत संध्याकाळी चौपाटीवर मध्ये गुलाबी असतं. म्हणून रेघेवर मधोमध डबल क्लिक करा, नवा स्टॉप, म्हणजे रंगाचा थांबा, येतो, त्याला गुलाबी द्या आणि थोडा खाली सरकवा. मला तरी तीन स्टॉप पुरतात, सहा-सात घातले की आकाश कमी आणि बर्फाचा गोळा जास्त वाटतो.

सूर्याला वरच्या पट्टीत रेडियल, म्हणजे गोलाकार पसरणारा ग्रेडियंट, निवडा आणि मधून बाहेर ओढा. भोवतीच्या झळाळीसाठी वेगळं मोठं वर्तुळ घ्या, बाहेरचा स्टॉप सूर्याच्याच पिवळ्याचा ठेवा, फक्त अल्फा शून्य. आणि तो वर्तुळाच्या कडेच्या आतच संपवा, नाहीतर झळाळी कापल्यासारखी दिसते. रेडियलच्या मधून निघणाऱ्या दोन रेघांपैकी एक लांब केली की गोल अंडाकृती होतो, पाण्यावरच्या प्रतिबिंबाला हे झकास.

मागच्या बिल्डिंगांचे आकार वेगवेगळे असतील तर एकेकाला भरत बसू नका, सगळ्या सिलेक्ट करून एकदाच ओढा, म्हणजे उजेड सगळ्यांवर एकाच बाजूने पडतो. सूर्य डावीकडे आणि उजळ भिंत उजवीकडे, असले बॅनर दादरला रोज बघतो मी.

अक्षरांचं मात्र जपून. मराठीत वरून खाली ग्रेडियंट दिला की वरचा रंग नेमका शिरोरेषेवर बसतो, आणि तो मागच्या रंगाशी जुळला तर शिरोरेषाच नाहीशी, मग लांबून काय लिहिलंय कळतच नाही. म्हणून वर गडद ठेवा, निदान मागच्यापेक्षा ठळक वेगळा तरी. प्रेसला द्यायच्या कॉपीत अक्षरं ऑब्जेक्ट टू पाथ करा (म्हणजे अक्षरांचे नुसते आकार होतात), मग अनग्रुप, मग सगळे आकार एक करायला युनियन, मग ग्रेडियंट, म्हणजे तिकडे फॉन्ट नसला तरी जोडाक्षरं फुटत नाहीत आणि रंग अख्ख्या शब्दावर एकसलग बसतो.

शेवटी पट्टे. दहा फुटी बॅनरभर जवळजवळ सारखेच दोन रंग पसरवले, समजा करड्याच्या फक्त २० पायऱ्या, तर एकेक पायरी अर्धा फूट रुंद होते आणि लांबून पट्टे दिसतात. रंगांत फरक वाढवा नाहीतर वर अगदी हलका दाणेदार थर टाका. आणि छपाईच्या दुकानात एसव्हीजी, म्हणजे इंकस्केपची मूळ फाइल, देऊन मोकळं होऊ नका, गेल्या वर्षी एका ठिकाणी माझ्या झळाळीभोवती पांढरा चौकोन छापून आला. तेव्हापासून मी मोठी पीएनजी, म्हणजे साधी चित्राची फाइल, काढून देतो आणि आधी एक छोटा तुकडा छापून घेतो, कारण स्क्रीनवरचा तो झगमगीत नारिंगी फ्लेक्सवर हमखास मळका येतो.