एमबीएच्या प्रकल्पात संघटनेतला बदल कसा अभ्यासावा

या विषयात बहुतेक विद्यार्थी अख्खी संस्था कवेत घ्यायला जातात आणि तिथेच अडकतात. एकच बदल निवडा: समजा, रुग्णालयातले कागदी केसपेपर बंद होऊन नोंदी संगणकावर सुरू होणं.

मग सामाजिक मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांची बलक्षेत्र पद्धत (फोर्स फील्ड अ‍ॅनालिसिस) वापरा. कागदाच्या मधोमध उभी रेघ ओढा. डावीकडे बदल पुढे रेटणारी कारणं, उजवीकडे अडवणारी. प्रत्येक कारणाला त्याच्या जोरानुसार १ ते ५ गुण द्या. ‘कर्मचाऱ्यांचा विरोध’ असं मोघम लिहिलंत तर हाती काहीच लागत नाही. ‘रात्रपाळीला वॉर्डात एकच संगणक, म्हणून सिस्टर नोंदी पहाटे एकदम करतात’ असं लिहा. उपाय त्यातच दिसतो.

गुण मनाने ठरवू नका. डॉक्टर, सिस्टर, केसपेपरच्या खिडकीवरचे कर्मचारी अशा आठ-दहा जणांशी, साहेब समोर नसताना बोला. फक्त वरिष्ठांना विचारलं की उजवी बाजू जवळपास कोरी राहते. लेखी परवानगी मात्र आधीच घ्या, आणि नावं गुप्त ठेवा.

शिफारशी उजव्या बाजूतून काढा. नुसता रेटा वाढवला तर ताण वाढतो, म्हणून लेविन अडथळे कमी करण्यावर भर देतात.