तांब्याच्या जुन्या नाण्यांची छाप जोखताना या चुका टाळा

"नाणं पुसट आहे" एवढं म्हणून आपण मोकळे होतो. पण पुसटपणाची कारणं निदान तीन असतात. ठसाच, म्हणजे ज्याने नाणं पाडतात तो कोरीव साचाच, नीट कोरलेला नसतो. किंवा ठसा चांगला असतो पण घाव नीट बसलेला नसतो. किंवा दोन्ही ठीक असून नाणं पुढे हातोहाती फिरून झिजलेलं असतं. विकणाऱ्याला यातलं दुसरं कारण सर्वांत आवडतं. झिजलेल्या नाण्याला "वीक स्ट्राइक", म्हणजे कच्ची छाप, म्हटलं की भाव टिकतो. म्हणून ही तीन कारणं वेगळी ओळखता येणं खरेदीआधीच महत्त्वाचं.

झीज आणि कच्ची छाप यांची गल्लत

घाव पडतो तेव्हा तांबं दबून ठशाच्या खोलगट भागांत चढतं. ठशातली सर्वांत खोल जागा, म्हणजेच नाण्यावरची सर्वांत उंच जागा, शेवटी भरते. जोर कमी पडला की तीच अर्धवट राहते. पंचाईत अशी की वापरात सर्वांत आधी घासली जाते तीही तीच जागा. त्यामुळे "उंच भाग सपाट आहे" यावरून काहीच ठरत नाही.

ठरतं ते त्या सपाट जागेच्या पोतावरून. दहापट भिंग घ्या आणि उजेड बाजूने, अगदी तिरका पडू द्या. तांबं ठशाला पोचलंच नसेल, तर चकतीचा, म्हणजे छाप पडण्याआधीच्या कोऱ्या तुकड्याचा, मूळ खडबडीतपणा, बारीक खळगे, कापताना उठलेले ओरखडे तिथे तसेच दिसतात, आणि रंगही आजूबाजूसारखाच असतो. झीज असेल तर जागा गुळगुळीत असते, कडा गोलावलेल्या असतात आणि तिचा रंग शेजारच्या सखल भागापेक्षा वेगळा पडतो. मग इतर अक्षरांकडे वळा. मधला भाग सपाट, पण कडेच्या अक्षरांच्या धारा अजून कोरीव असतील, तर नाणं फारसं फिरलेलं नाही.

दुसरी खूण मागच्या बाजूला सापडते. सपाट जागेवर अंगठा ठेवा आणि बरोबर त्याच्या मागे तर्जनी. दोन्ही बाजूंना नेमकं तिथेच उंच काम असेल, तर चकतीतलं तांबं दोघांना पुरलेलं नसतं. ईस्ट इंडिया कंपनीच्या 1835 च्या पाव आण्यावर एका बाजूला ढाल, दोन सिंह आणि ब्रीदवाक्याची पट्टी असं भरगच्च बोधचिन्ह आहे, तर दुसऱ्या बाजूला पुष्पमालेत मूल्य. सिंहांचे चेहरे किंवा पट्टीवरची बारीक अक्षरं गायब दिसली की घाईने "झिजलंय" म्हणू नका. आधी त्या जागेमागे काय आहे ते पाहा. समोरासमोरची दोन्ही कामं एकाच ठिकाणी कच्ची असतील, तर कारण बहुधा छापेतच असतं.

हाताने पाडलेल्या नाण्यांत आणखी एक प्रकार दिसतो: दोन्ही बाजूंची एकच कड फिकी. इथे व्हर्नियर (जाडी मोजायचं उपकरण) काढा आणि कडेची जाडी मोजा. फिकी कड पातळ असेल तर चकतीच असमान होती. फिकी कड जाड असेल तर घाव तिरका पडला होता. हे मोजमाप फार थोडे लोक करतात.

सगळ्या टांकसाळींना एकच मोजपट्टी

ही चूक मी सर्वांत वाईट मानतो, कारण ती अनुभवी संग्राहकही करतात.

कंपनीने मुंबई इलाख्यासाठी 1791 आणि 1794 मध्ये तांब्याचे पैसे बर्मिंगहॅमजवळच्या सोहो टांकसाळीत पाडून घेतले. तिथे मॅथ्यू बोल्टनची वाफेवरची यंत्रं होती. नाणं कड्यात बसवून पाडलं जाई, त्यामुळे ते अचूक गोल आणि जाडीला सारखं. एका बाजूला कंपनी आपल्या मालाच्या गाठोड्यांवर मारत असे ती खूण, दुसरीकडे तराजू. तीच खूण आणि तोच तराजू असलेले पैसे पुढे मुंबईत हाताने पाडले गेले: जाड, कडा वाकड्यातिकड्या, तराजूचं एखादं पारडं चकतीबाहेर. सोहोच्या नाण्यावर तराजूच्या दोऱ्या तुटक दिसल्या तर ती उणीव. मुंबईच्या हाती पाडलेल्या पैशावर त्याच दोऱ्या अर्ध्या दिसल्या तर ते चांगलं नाणं. दोन्ही शेजारी ठेवून एकच शेरा मारणं अन्याय आहे.

शिवराईचंही तसंच. पुढे तीन ओळींत श्री, राजा, शिव. मागे छत्र, पति. भोवती ठिपक्यांचं वर्तुळ. पण ठसा बहुतेकदा चकतीपेक्षा मोठा असे. म्हणून वर्तुळ पूर्ण न दिसणं किंवा एखादं अक्षर कडेला कापलं जाणं हा छापेचा दोष नव्हे, ती चकतीची मर्यादा आहे. चकतीवर जे आलंय ते किती खोल आणि स्वच्छ उठलंय, एवढंच छापेच्या खात्यात धरायचं. पेशवाईत ठिकठिकाणी पाडलेल्या दुदांडी (ओळींमध्ये दोन आडव्या रेघा असलेल्या) शिवराई नाण्यांत तर अक्षरांचं वळणही बदलतं. कुठे "सिव", कुठे "पती", कुठे र ओळखू येत नाही. ते कारागिराचं अक्षर. बेढब अक्षर धारदार उठलेलं असेल तर छाप उत्तम आहे.

शेरशहाचे आणि अकबराचे तांब्याचे जाड पैसे, म्हणजे वीस ग्रॅमच्या आसपासचे दाम, यांत मजकुराचा काही भागच चकतीवर मावतो. तिथे माझा कल सरळ आहे: टांकसाळीचं नाव आणि वर्ष कडक उठलेलं, पण बाकी अर्धं नाणं सपाट असं नाणं मी सगळीकडे मध्यम उठलेल्या पण नाव नसलेल्या नाण्याच्या वर ठेवतो. नारनोल की आग्रा हेच कळत नसेल, तर त्या टांकसाळीच्या मानाने छाप कशी आहे हे ठरवणार कसं?

ठशाचा दोष नाण्याच्या माथी

ठशात काही तुटलं, तडकलं किंवा गंजून खड्डा पडला, तर नाण्यावर ते उंच उठतं. नाण्याला पुढे झालेली इजा मात्र खोल जाते. नाण्यावरून सरकणारी उंच बारीक रेघ म्हणजे ठशाची भेग. कोरल्यासारखी खोल रेघ म्हणजे ओरखडा. दाणेदार पुटकुळ्या म्हणजे गंजलेला ठसा. टोचे पडल्यासारखे खळगे म्हणजे गंजलेलं नाणं. अपवाद हिरव्या बसलेल्या थराचा. तोही उंचच असतो, पण त्याचा रंग चुगली करतो.

ठसा फार वापरला गेला की अक्षरांची टोकं कडेकडे ओढल्यासारखी पसरतात आणि मोकळी जागा संत्र्याच्या सालीसारखी दिसते. घाव जोरदार असूनही असं नाणं मऊ भासतं. एखादंच अक्षर गायब आणि शेजारची दोन्ही कडक, असं असेल तर ठशात वंगण किंवा कचरा भरलेला होता.

अक्षरं दुहेरी दिसली की "डबल स्ट्राइक" म्हणण्याआधी दुसरी अक्षरं वाचून पाहा. तीच अक्षरं थोडी सरकलेली असतील तर चकती दोन घावांमध्ये हलली. वेगळीच लिपी किंवा नक्षी भलत्या कोनात डोकावत असेल तर जुन्या नाण्यावर नवी छाप मारलेली आहे, आणि मग खालचं नाणं ओळखणं हा स्वतंत्र आनंद आहे. एका बाजूला तीच नक्षी उलटी आणि खोलगट असेल तर ते ब्रोकेज, म्हणजे आधीचं नाणं ठशात अडकून त्याचीच छाप पुढच्या नाण्यावर उमटलेली. पण शिकंज्यात दोन नाणी दाबूनही असा बनाव करतात. त्यात दुसरी बाजू चेपलेली सापडते.

सगळीकडे सारखंच मऊ

कच्ची छाप सहसा संपूर्ण नाण्यावर सारखी नसते. कुठेतरी, निदान एखाद्या कडेला, ती बहुधा कडक सापडते. सगळी अक्षरं एकाच मापाने गोलावलेली असतील तर दोन शंका घ्या: ओतीव नक्कल, किंवा आम्लाने खाल्लेलं नाणं. ओतीव नाण्यात सुईच्या टोकाएवढे बुडबुडे आणि कडेला सांधा शोधा, मग वजन करा.

समुद्रातली नाणी हा त्याच शंकेतला खास प्रकार. मद्रासकडे निघालेलं ॲडमिरल गार्डनर जहाज 1809 मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ गुडविन सँड्सवर फुटलं. त्यात 1808 ची दहा आणि वीस काशांची (काश हे मद्रासकडचं छोटं चलन) नाणी पिंपं भरून होती, आणि ती आज बाजारात सहज दिसतात. ही सोहोची यंत्रावरची नाणी, चलनात कधी आलीच नाहीत. त्यांच्यावर जो मऊपणा दिसतो तो झिजेचा नाही आणि छापेचाही नाही. खाऱ्या पाण्याने वरचा थर खाल्लेला आहे.

आम्लाचं काम घरीही होतं. छाप नीट दिसावी म्हणून चिंच किंवा लिंबू लावलं की नाणं गुलाबी चमकतं आणि वर सांगितलेला पोत, रंगातला फरक, चकतीचे ओरखडे, सगळे पुरावे धुऊन जातात. मळ फारच असेल तर ॲसिटोन, नाहीतर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवणं. ब्रश नको.

फोटोवरून निर्णय घेताना एकाच कोनातल्या उजेडावर विसंबू नका. समोरून पडलेला उजेड झीज लपवतो, स्कॅनर सगळंच चपटं करतो. विकणाऱ्याकडून दोन वेगळ्या दिशांच्या उजेडातले फोटो मागा. टाळाटाळ झाली तर तेही उत्तरच.

शेवटी एक छोटी पण वारंवार होणारी फसगत. पाव आणा 6.48 ग्रॅमचा म्हणून पाठ असतो, आणि 1906 चा एखादा 4.86 ग्रॅम भरला की "फार झिजलाय, छापही उथळ" असा शेरा पडतो. त्या वर्षी तांब्याऐवजी हलक्या वजनाचं ब्राँझ आलं, आणि 1906 चे दोन्ही प्रकार मिळतात. ब्राँझ कठीण, चकती हलकी. तांब्याच्या पाव आण्याशेजारी ठेवून त्याची छाप जोखायचीच नसते. 1907 चा एखादा पाव आणा शोधा आणि त्याच्याशी ताडून पाहा.