सोयाबीनला कोयता लावण्याआधी फोन उघडा

शेंगा तपकिरी झाल्या, पानं गळून खाली पडली, टोळीचा मुकादम गुत्तं, म्हणजे कापणीचा ठेका, ठरवायला ओट्यावर येऊन बसला. सगळ्यांचीच घाई आहे. तरी मुकादमाला होकार देण्याआधी खिशातला फोन काढा आणि पुढच्या चार दिवसांचा अंदाज बघा. त्याला पाच मिनिटंही लागत नाहीत. ती पाच मिनिटं न दिल्यामुळे वर्षाचं पीक चिखलात गेलेली घरं मी लातूर-औसा भागात दरवर्षी बघत आलोय.

होतं ते असं. सोयाबीन कापून रानात आडवं पसरलेलं असतं. दुपारी दोनपर्यंत कडक ऊन, चारला ढग भरून येतात, पाचला पाऊस. मग ताडपत्रीसाठी गावात पळापळ. ताडपत्री मिळेपर्यंत गंजीच्या वरचा थर भिजलेला असतो आणि खालून रानातलं पाणी शिरलेलं असतं. चौथ्या दिवशी गंजी उकलली की आतून वाफ येते, दाण्याला कोंब फुटलेले असतात. विचारलं तर प्रत्येक जण म्हणतो, "अचानक आला हो." तो अचानक आलेला नसतो. आदल्या दुपारीच जिल्ह्याचा इशारा निघालेला असतो. फोनही खिशात असतो, बघितलेलं नसतं.

उभं पीक दोन-तीन सरी सोसतं. शेंगा जमिनीपासून वर असतात, वारा लागतो, ऊन पडलं की वाळतात. कापून ओल्या जमिनीवर टाकलेल्या पिकाला पाणी वरून आणि खालून दोन्हीकडून लागतं. म्हणून अंदाज वाईट असेल तर दोन-तीन दिवस थांबणं परवडतं. जेएस ३३५ सारखं जुनं वाण फार दिवस उन्हात उभं ठेवलं तर शेंगा तडकतात, हे खरं आहे. पण तडकून जातं ते काही किलो, भिजून जातं ते सगळं.

अंदाज कुठे बघायचा

फोनमध्ये आधीपासून असलेलं ते ढगा-सूर्याचं चित्र पुरेसं नाही. ते बहुतेक वेळा यंत्राने काढलेलं मोठ्या पट्ट्याचं गणित असतं. गावच्या व्हॉट्सॲप गटात आलेला "पुढील ४८ तास धोक्याचे" हा मजकूर तर आधी तारीख बघूनच वाचा. तारीख नसेल तर तो मागच्या वर्षीचाही असू शकतो.

ही तीन ॲप घ्या. तिन्ही सरकारी आहेत आणि फुकट आहेत:

- मेघदूत : ५ दिवसांचा अंदाज आणि पिकाचा सल्ला, मराठीत. सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो.
- मौसम : हवामान विभागाचं. जिल्ह्याचा इशारा, पुढच्या ३ तासांचा तातडीचा अंदाज, रडारचं चित्र.
- दामिनी : विजेसाठी. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने केलेलं.

मराठवाड्याचा कृषी हवामान सल्ला परभणीच्या कृषी विद्यापीठातून निघतो, तो गटात येत असेल तर वाचत जा. हवामानासाठी पैसे मागणारं कुठलंही ॲप घेऊ नका. कुणी फाइल पाठवून "ही उघडा, अनुदान मिळेल" म्हणालं तर उघडू नका, कारण अशा फाइलींमधून बँकेचं खातं रिकामं होतं. ॲप प्ले स्टोअरवरूनच घ्यावं.

"तुरळक" या शब्दाने घात होतो

इथे नीट लक्ष द्या, कारण शिकलेली पोरंही इथे चुकतात. अंदाजात "तुरळक ठिकाणी" असं वाचलं की आपण समजतो, तुरळक म्हणजे चार थेंब. तसा अर्थ नाही. हा शब्द पाऊस किती पडेल ते सांगत नाही, किती ठिकाणी पडेल ते सांगतो. जिल्ह्यातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी साधारण चौथ्या हिश्श्यापर्यंत केंद्रांवर पाऊस झाला तर ते "तुरळक ठिकाणी". अर्ध्यापर्यंत गेला तर "काही ठिकाणी". पाऊण हिश्श्यापर्यंत "बऱ्याच ठिकाणी", त्यापुढे "बहुतांश ठिकाणी".

म्हणजे "तुरळक ठिकाणी मुसळधार" याचा अर्थ जिल्ह्यातल्या थोड्याच गावांना पाऊस, पण ज्यांना पडेल त्यांना बदाबदा. ते गाव तुमचं असू शकतं. हवामान विभागाच्या हिशेबात २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे गेलं की मुसळधार आणि ११५.६ च्या पुढे अति मुसळधार पाऊस. उघड्या गंजीला त्याच्या निम्मा पाऊसही पुरतो.

रंगांचंही तसंच. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आत्ता हालचाल करा. पिवळ्याकडे आपल्याकडे कुणी बघत नाही. माझ्या पाहण्यात कापलेलं सोयाबीन सर्वांत जास्त भिजलं ते पिवळ्या दिवशीच. लाल दिवशी कुणी कापायला जातच नाही.

मी स्वतः पाळतो तो नियम सांगतो. तो कुठल्या पुस्तकातला नाही:

- चारही दिवस कोरडे, इशारा नाही : कापा.
- "तुरळक ठिकाणी" आणि पिवळा : दिवस मावळायच्या आत गंजी लावून झाकता येईल तेवढंच कापा. गुत्तं एकराचं असलं तरी टोळीला अर्ध्या एकरावर थांबवा.
- "काही ठिकाणी" किंवा त्याच्या वर, किंवा नारिंगी : कोयता लावू नका.
- कापणी चालू असेल त्या दिवशी दुपारी १ वाजता पुढच्या ३ तासांचा अंदाज आणि रडार पुन्हा बघा. परतीचा पाऊस बहुतेक वेळा दुपारनंतर येतो.

देशातून मान्सून परतायला साधारण १७ सप्टेंबरला पश्चिम राजस्थानातून सुरुवात होते आणि १५ ऑक्टोबरपर्यंत तो सगळीकडून निघतो. आपली कापणी नेमकी त्याच दिवसांत, हस्त नक्षत्रात. सप्टेंबर २०२५ च्या शेवटी धाराशिव, बीड, लातूर, सोलापूरकडे काय झालं ते सगळ्यांनी बघितलं. तेवढ्या पुरापुढे ताडपत्रीही चालत नाही. पण असं वर्ष क्वचित येतं. एरवी जे जातं ते वीस-तीस मिलिमीटरच्या साध्या पावसात जातं, आणि ते वाचवता येतं.

एक जुनी खूणही सांगून ठेवतो. पहाटे रानावर धुई, म्हणजे धुकं, उतरायला लागली आणि वारा उत्तरेकडून फिरला की पाऊस आवरता घेतो, असं आमचे वडील म्हणायचे. मला ते बऱ्याचदा खरं वाटलं आहे. तरी धुई पडली म्हणून फोन बघायचा सोडू नका.

फोन वेळेला उघडला पाहिजे

मागच्या हंगामात शेजारच्या रानात दामिनीचा इशारा आलाच नाही. ॲप होतं, पण फोनने बॅटरी वाचवण्यासाठी ते गुपचूप बंद केलं होतं. स्वस्तातल्या फोनमध्ये हे सर्रास होतं. सेटिंगमध्ये ॲपच्या नावावर जाऊन बॅटरीचं बंधन काढा, सूचना चालू करा, लोकेशन चालू ठेवा. लोकेशन बंद असेल तर वीज तुमच्या डोक्यावर आहे की पन्नास किलोमीटरवर, हे ॲपला कळणार कसं?

बाकीची कामं एका संध्याकाळीच उरका:

- व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा. "शुभ सकाळ"चे व्हिडिओ काढून टाका, कमीत कमी २ जीबी जागा मोकळी करा.
- सेटिंगमधली आणीबाणीच्या सूचनांची जागा शोधून त्या चालू ठेवा. आपत्ती व्यवस्थापनाचे मेसेज न वाचता पुसू नका.
- कॅमेऱ्यात लोकेशनची नोंद चालू करा.
- रात्री लाइट असेपर्यंत फोन पूर्ण चार्ज करा. पॉवर बँक शंभर टक्के भरून ठेवा.
- फोन जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. भिजला तर लगेच चार्जिंगला लावू नका.
- फवारणी करताना फोनला हात लावू नका, तोच फोन नंतर लेकराच्या हातात जातो.
- टॉवर पावसात बंद पडतो, म्हणून सकाळी रेंज असतानाच अंदाजाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

फोन घरात चार्जिंगला लावून माणूस रानात, हा प्रकार मात्र आता बंद करा. फोनमध्ये इशारा येऊन पडलेला असतो आणि तो बघणारं कुणी नसतं. रानात न्यायचा नसेल तर घरी कुणीतरी बघेल आणि हाक मारेल, अशी व्यवस्था करा. आमच्याकडे हे काम सुनेकडे आहे, आणि ती माझ्यापेक्षा काटेकोर आहे.

वीज चमकायला लागली की झाडाखाली थांबू नका, ट्रॅक्टरवर उघडं बसू नका, घर किंवा पक्का निवारा गाठा. मोबाइलमुळे वीज अंगावर पडते हा गैरसमज आहे, तेवढ्यासाठी फोन बंद करू नका. वायर लावून चार्जिंगवर असलेला फोन मात्र त्या वेळी हातात घेऊ नका.

फोटो दुकानदाराला पाठवण्याआधी

फोनचा सर्वांत महागडा उपयोग म्हणजे पानाचा फोटो काढून कृषी सेवा केंद्राला पाठवणं. माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने सप्टेंबरच्या मध्यात पिवळ्या पानांचा फोटो असा पाठवला. तासाभरात चार बाटल्यांची यादी आली. बिल ३,८०० रुपये. पीक पक्व होत होतं, म्हणून पानं पिवळी पडत होती. त्याला औषध नव्हतं आणि लागणारही नव्हतं. फोटो पाठवायचाच असेल तर कृषी विज्ञान केंद्राला किंवा तुमच्या सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) पाठवा. फोन करायचा तर किसान कॉल सेंटर, १८००-१८०-१५५१, सकाळी ६ ते रात्री १०. मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

उशिरा पेरलेल्या रानात शेंगा अजून हिरव्या असतील आणि एक मीटर ओळीत ३-४ अळ्या दिसत असतील, तरच फवारणी: क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल हे कीटकनाशक, १८.५ टक्के, एकरी ६० मिली, म्हणजे १० लिटर पाण्यात ३ मिली. सोबत दिलेलं टॉनिक दुकानातच ठेवून या. बाटलीवरचं बारीक इंग्रजी फोनचा कॅमेरा मराठीत करून दाखवतो. गूगल लेन्स उघडा आणि बाटलीवर धरा. सोयाबीनचं नाव आहे का, मुदत संपली का आणि फवारणीनंतर किती दिवस कापायचं नाही, हे तिन्ही वाचा. कापणीला तेवढे दिवस उरले नसतील तर फवारू नका.

उभं पीक लवकर वाळावं म्हणून पॅराक्वाट हे तणनाशक मारायला सांगतात. अजिबात मारू नका. ते पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही.

कापणी-मळणी

- ९५ टक्के शेंगा तपकिरी झाल्यावर कापणी.
- गंजी उंचवट्यावर, खाली ताडपत्री, भोवती चर.
- ताडपत्री कापणीच्या आधी घरात. ढग आल्यावर भाव वाढतो.
- दाण्यात ओलावा १४ टक्के असेल तर मळणीयंत्राचे फेरे मिनिटाला ४०० ते ५००. १३ टक्के असेल तर ३०० ते ४००.
- बियाण्याचं सोयाबीन वेगळं मळा, पोती आपटू नका.
- साठवताना ओलावा १२ टक्क्यांच्या आत. पोती लाकडी फळ्यांवर.

फोटो काढून ठेवा

बियाण्याच्या पिशवीवरचं लेबल, बिल, औषधाचं बिल. उभ्या पिकाचा एक फोटो, रानाच्या कोपऱ्यातून, लोकेशनसह. नुकसान झालंच तर त्याच दिवशी, पाणी ओसरायच्या आधी. विम्याचे नियम हंगामागणिक बदलतात, ते सहायक कृषी अधिकाऱ्यांना विचारा. फोटो मात्र तुमच्याकडे असलाच पाहिजे. ई-पीक पाहणी, म्हणजे फोनवरून पिकाची सातबाऱ्यावर नोंद, राहिली असेल तर मुदत आहे का ते आजच बघा. सातबाऱ्यावर पीक नसेल तर हमीभाव केंद्रावरही अडतं.

आज संध्याकाळी मुकादम पुन्हा येईल. त्याच्यासमोरच मेघदूत उघडा, तालुका निवडा, चारही दिवस मोठ्याने वाचा. पाऊस दिसला तर त्याला तीन दिवसांनंतरची तारीख द्या. आगाऊ दिलेली उचल परत मागू नका, म्हणजे तो दुसरीकडे जाणार नाही.