उधई कधी उडणार, ते वारूळ सांगतं

पकडून भाजून खायच्या पंखवाल्या उधईचा नेम पंचांगापेक्षा वारुळावरून जास्त कळतो. मृग 7 जूनच्या आसपास लागतो खरा, पण तारीख धरून बसू नका. पहिला दमदार पाऊस पडून माती आतपर्यंत भिजली, मग उघडीप मिळाली, वारा पडला नि उकडायला लागलं, की संध्याकाळी वारुळापाशी चक्कर मारा. ताज्या चिरा पडलेल्या आणि त्यांच्या कडेला मोठ्या डोक्याचे शिपाई (राखण करणारी उधई) उभे दिसले, तर उड्डाण जवळ आलंच. ते फार वेळ चालत नाही. उधई पकडायला दिवा आणि त्याखाली पाण्याची परात आधीच मांडून ठेवा. औषध मारलेल्या बांधावरची उधई मात्र खायला नको. आणि ज्यांना कोळंबी सोसत नाही त्यांना उधईही बाधू शकते, त्यांनी लांबच राहावं, खरपूस भाजलेली असली तरी.